बाण, सहा, चार

सगळ्यात वरचा रंग पांढरा होता. त्याखाली लाल, त्याखाली वडापच्या काळातला पिवळा. पिवळ्याखाली कुणीतरी जाडजूड लांबी भरून ठेवली होती. ती पॉलिशपेपरने घासता घासता दोन्ही हातांना मुंग्या आल्या आणि दुपारी चारच्या सुमाराला हिरवा लागला. डबक्यातल्या शेवाळासारखा मळकट हिरवा. मी बॉनेट तसंच सोडलं आणि पुढच्या बंपरकडे वळलो. मला जे हवं होतं ते तिथे असणार होतं. असलं तर.

काळ्या पट्टीवर पांढरा बाण निघाला, टोक वर केलेला. त्याच्यापुढे सहा. मग अर्धा झिजलेला चार. पुढचं अक्षर आणि आकडे गंजाने खाल्ले होते.

आबा काठी टेकत आले, वाकले, बाणावरून अंगठा फिरवला.

"चौसष्टची हाय," ते म्हणाले. "ही माझी न्हवं."

मी त्यांना विचारलं नव्हतं. पण माझ्या मनात काय होतं ते त्यांना कळलं असावं.

आमचं गाव अपशिंगे मिलिटरीइतकं प्रसिद्ध नाही, पण इथेही घरटी एखादा माणूस फौजेत गेलेला असतो. आबा १९६२ च्या शेवटी भरती झाले आणि एएससीत, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, ड्रायव्हर झाले. एएससीचं काम रेशन आणि पेट्रोल पोचवायचं. "लढाईत तुम्ही काय केलंत?" असं लहानपणी विचारलं की ते म्हणायचे, "बटाटं पोचवलं." जबलपूरला बनलेला शक्तिमान ट्रक त्यांनी वर्षानुवर्षं चालवला, पण त्याच्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. बोलायचे ते फक्त मधल्या अडीच वर्षांबद्दल, जेव्हा त्यांच्याकडे एका साहेबांची जीप होती. तिचं बॉनेट, तिचं हँडल, ती चिखलात कशी चढायची. साहेबांचं आडनाव ते विसरलेत. जीपचा नंबर अजून पाठ आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तीन वर्षांपूर्वी हप्त्यावर हॅचबॅक घेतली, घरातली पहिली चारचाकी. आबा तिच्यात बसले तेव्हा परक्याच्या घरी बसल्यासारखे गुडघे जुळवून बसले. एसी लावला तर काच खाली करायला लागले. त्या दिवाळीत मी जीप शोधायला लागलो.

फौजेच्या गाड्यांची नोंद आरटीओ करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० मध्ये ती सोय वेगळी आहे, संरक्षण खातं स्वतःच्या गाड्यांची नोंद स्वतः ठेवतं. बाण ही इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली सरकारी मालाची खूण, आणि त्यापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी घेतल्याचं साल. गाडी लिलावात निघाली की तो नंबर मरतो. मग नवा मालक लष्कराचं विक्रीपत्र घेऊन आरटीओत जातो आणि गाडीला सिव्हिल नंबर मिळतो. म्हणजे डिस्पोजलच्या प्रत्येक जीपचे दोन जन्म असतात, आणि दुसऱ्या जन्माचा दाखला हरवला तर पहिला काही कामाचा नसतो. हे मला फार उशिरा कळलं.

फलटणच्या पुढे एका वस्तीवर ही सापडली. महिंद्राची सीजे-थ्री-बी, डाव्या स्टिअरिंगची. महिंद्राने १९४९ साली माझगावात विलीजच्या सुट्या भागांपासून जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे हे मॉडेल इथेच बनवलं. ओळखायची खूण म्हणजे उंच बॉनेट. हिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते मावावं म्हणून बॉनेट उचललं. सुंदर दिसावी म्हणून काही केलेलं नाही, हे बघताक्षणी कळतं. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणला अब्दुल हमीद रिकॉइललेस तोफ बसवलेल्या जीपवरूनच पॅटन रणगाड्यांना भिडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी झाले. शाळेत आपण तोफेबद्दल वाचतो. आबांना विचारलं तर ते म्हणतात, "त्या जीपचा डायव्हर कोण व्हता, ते न्हाय लिवत कुणी."

वस्तीवरच्या काकूंच्या मालकांनी ही जीप १९८६ साली लिलावातून आलेल्या माणसाकडून घेतली होती. पहिली काही वर्षं घरची, मग पंधरा वर्षं वडाप. पुढे चार, मागे दहा, टपावर शेळ्या. मालक वारले, जीप लिंबाखाली उभी राहिली. मी एक लाख दहा हजार दिले. पैसे मोजताना काकू म्हणाल्या, "आरसी बुक हाय, पण गाडी कशी हाय ते तुमचं तुम्ही बघा." लोक सहसा याच्या उलट सांगतात. तेव्हा मला त्यातली मोलाची गोष्ट कुठली, हे कळलं नाही.

आरसी बुक उंदरांनी कडेने कुरतडलेलं होतं. नोंदणीची मुदत कधीच संपलेली. ऑनलाइन नंबर टाकला तर अशी गाडीच नाही असं उत्तर. मी एका एजंटला फोटो पाठवले. त्याने दहा मिनिटांत फोन केला.

"साहेब, ह्याच्या मागं लागू नका. माझ्याकडे एक क्लिअर कागद आहे. त्र्याण्णवची जीप, भंगारात गेली, कागद जिवंत आहे. चेसी नंबर पंच करून देतो. पस्तीस हजार. पुढच्या महिन्यात गाडी रोडवर."

जुन्या जीपच्या दुनियेत हे इतकं सर्रास चालतं की त्याला कुणी बोगस म्हणतही नाही. गाडी आहे पण कागद नाही, आणि कागद आहे पण गाडी नाही, अशा दोघांचं लग्न लावायचं. हरियाणात मंडी डबवालीला तर लष्कराच्या भंगारातल्या भागांवर उघड्या जीप बांधून द्यायचा धंदाच उभा आहे. रील्समध्ये मोठे टायर लावलेल्या ज्या जीप दिसतात, त्यातल्या कितीतरी अशाच जन्मलेल्या. ग्राइंडरने चेसीवरचा जुना नंबर उडवतात, नवा ठोकतात, वर काळा रंग मारतात. कायद्यात ही सरळ फोर्जरी आहे. आणि अपघात झाला, विमा कंपनीने चेसी तपासली, की मग मालकाला आठवतं.

मी काही साधुसंत नाही. मी दोन दिवस विचार केला. आबा तेव्हा ब्याऐंशीचे होते आणि हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला होता. सरळ रस्त्याने गेलो तर वर्ष लागणार, हे दिसत होतं. शिवाय कुणाचं नुकसान होत होतं? एक गाडी भंगारात, एक लिंबाखाली. शनिवारी गावी गेलो तेव्हा मी आबांना हे सगळं, थोडं गोड करून, सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी ही जीप त्या मेलेल्या जीपच्या नावानं हिंडणार?"

"तसंच काहीसं."

"मेलेल्याच्या नावावर पेन्शन उचलल्यागत झालं की रं हे."

दर नोव्हेंबरला आबा हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातात. आता अंगठा लावून मोबाइलवरही होतं, मीच ते अ‍ॅप टाकून दिलं होतं, पण ते समक्षच जातात. मी जिवंत आहे हे त्यांना माणसाला दाखवायचं असतं. मी एजंटला नाही कळवलं. त्याने हसणाऱ्या तीन इमोजी पाठवल्या.

आता सरळ रस्ता. आरसीवर इंधन पेट्रोल लिहिलं होतं आणि बॉनेटखाली ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन होतं. वडापवाल्यांचं यात काही चुकलं असं मला वाटत नाही. पेट्रोलवर ती गाडी धंद्याला परवडलीच नसती. पण कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही आणि ही अदलाबदल कुठेच नोंदवलेली नव्हती. म्हणजे मला एक तर डिझेल इंजिनाचं बिल हवं होतं, जे असण्याची शक्यता शून्य, नाही तर पेट्रोल इंजिन बसवून त्याची नोंद करून घ्यायची होती. मी पुण्यात नाना पेठ पालथी घातली, जुन्या बाजारात दोन रविवार घालवले. एक इंजिन सापडलं, त्याचाही नंबर घासलेला.

शेवटी वारसाच्या फॉर्मवर सही घ्यायला काकूंकडे गेलो. मालक वारल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर होते, फॉर्म ३१. मग विक्रीचे २९ आणि ३०. चहा पिताना सहज म्हणालो, की जुनं इंजिन कुठे विकलं काही आठवतं का.

"विकलं कुठं? गोठ्यात हाय की. पेंडीची पोती ठिवतो त्याच्यावर."

मी चहा तसाच ठेवला. पोती बाजूला केली, शेण खरवडलं, ब्लॉकवर केरोसीनचा बोळा फिरवला आणि मोबाइलच्या उजेडात एकेक आकडा आरसीशी ताडून पाहिला. सगळे जुळले. आठ वर्षांच्या नोकरीत माझा एकही कोड पहिल्या झटक्यात चालल्यावर मला इतका आनंद झाला नव्हता. काकूंनी इंजिनाचे पैसे घेतले नाहीत. पोती ठेवायला काहीतरी आणून द्या म्हणाल्या, तर मी दोन सिमेंटच्या पाट्या नेऊन दिल्या.

इंजिन अर्थातच जाम होतं. तालुक्याच्या गावी एक मिस्त्री आहेत, साठी ओलांडलेले, ज्यांनी तरुणपणी ही इंजिनं उघडली होती. त्यांनी बोअरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून तीन आठवडे नुसतं ठेवून दिलं. मी दर दोन दिवसांनी फोन करायचो. ते म्हणायचे, "मुरू द्या." चौथ्या आठवड्यात लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोकत चारही पिस्टन सुटले. रिंगा, गॅस्केटं, पाण्याचा पंप, कार्ब्युरेटरचं किट, सगळं मिळालं, कुठून कुठून. चालू झाल्यावर दोन महिन्यांत पेट्रोल पंपाचा रबरी पडदा विरघळल्यासारखा मऊ पडला. आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्या काळातलं रबर इथेनॉलसाठी बनलेलंच नव्हतं. नवा पडदा आणि सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घातले. ही एक गोष्ट तुम्ही जुनी गाडी घेणार असाल तर पहिल्याच दिवशी करा, माझ्यासारखी रस्त्यात बंद पडल्यावर नको.

नोंदणीचे दोन मार्ग होते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापरातली, चेसी-बॉडी-इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी असेल तर नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. दिसायला भारीच. पण अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथे जाणं-येणं, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढंच. मित्र म्हणाले, व्हीए घे, मिरवता येईल. आबांना बाजारला जायचं होतं. मी दुसरा मार्ग धरला, साध्या गाडीसारखं नूतनीकरण, फॉर्म २५, तपासणी, थकलेला कर, पर्यावरण कर, पाच वर्षांची मुदत.

आरटीओतल्या मॅडमनी आरसी बुक हातात घेतलं आणि म्हणाल्या, हे संगणकाच्या आधीचं आहे, रजिस्टर बघावं लागेल. कापडी बांधणीचं ते जाडजूड रजिस्टर निघालं, निळ्या शाईतली १९८६ सालची ओळ निघाली, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'लष्करी लिलाव' असं लिहिलेलं निघालं. मग ती ओळ संगणकात चढवली. याला तिथे बॅकलॉग एंट्री म्हणतात. आमच्या ऑफिसातही बॅकलॉग असतो, पण त्यात कुणाचा जीव अडकलेला नसतो. विम्याची गंमत वेगळीच. एका वेबसाइटवर उत्पादनाच्या सालाचा ड्रॉपडाउन १९९० च्या मागे जातच नव्हता. मी स्वतः असे ड्रॉपडाउन लिहिलेत. सुरुवातीचं साल टाकताना कधी अर्धा सेकंदही विचार केला नाही. शेवटी थर्ड पार्टी पॉलिसी समक्ष जाऊन कागदावर काढली.

राहिला रंग.

मी सहा महिने याच क्षणाची वाट बघत होतो. त्या बंपरजवळ सापडलेल्या हिरव्याचा तुकडा मी झिपलॉक पिशवीत ठेवला होता, शेड जुळवायला. आणि मग केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम वाचला. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. बाकी कुणालाही नाही. गाडी त्याच रंगात जन्मली असली तरी नाही. बाण आणि जुना नंबर लावणं तर लांबच. व्हिंटेजच्या नियमाला गाडी मुळात होती तशी हवी आणि रंगाच्या नियमाला ती तशी अजिबात नको, अशी ही गंमत. तरी शेकडो लोक हिरव्या जीप फिरवतात. पकडलंच तर दंड भरतात. मी पण भरला असता. पेंटर म्हणालाही, दोन शेड इकडे-तिकडे करतो, कोण बघतंय.

मी आबांना सांगितलं की नियम मूर्खपणाचा आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी कायद्यावरून भांडलो. म्हणालो, तुमची जीप हिरवी होती, मी हे सगळं त्याच्यासाठी केलं, आता पांढरी करून काय उपयोग?

"मी आलो घरी तवा कपडे जमा करून आलो," आबा म्हणाले. "रिटायर झाल्यावर वर्दी घालून बाजारला गेलो व्हतो का कधी?"

"ती वर्दी होती, हा रंग आहे."

"चेकपोस्टवरच्या पोराला लांबनं कसं कळंल?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं अजूनही मत आहे की पन्नास वर्षांच्या जीपला, 'व्हीए' लावून का होईना, तिचा रंग मिळायला हवा. पण बाजारातून सुसाट जाणारी हिरवी जीप बघून ज्याला खाडकन सॅल्यूट ठोकायचा असतो, त्याच्या जागी आबा उभे राहिलेले होते. मी नव्हतो.

आरसीवर रंग पांढरा लिहिला होता, तोच दिला. आबांनी एकच हट्ट धरला. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा असतो, तो फौजेच्या गाड्यांना पांढरा रंगवतात आणि त्याच्यावर बारीकसा दिवा सोडतात. रात्री ताफा निघतो तेव्हा बाकीचे दिवे बंद. मागच्या ड्रायव्हरने फक्त तेवढा गोळा बघत गाडी हाकायची. आबा म्हणाले, किती रात्री मी नुसता तो गोळा बघून काढल्यात. तो गोळा त्यांनी स्वतः रंगवला. खाली वाकवेना, म्हणून पोत्यावर आडवे झाले आणि एका हाताने ब्रश धरून, दुसऱ्याने चाकाला धरून रंगवला. मी दिवाही बसवला. पासिंगच्या दिवशी इन्स्पेक्टरांनी ब्रेक बघितले, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला लागतात ते सिग्नल चालू आहेत का बघितले, पेन्सिल घासून कागदावर चेसीचा ठसा घेतला, आणि मग खाली वाकून विचारलं, हे पांढरं काय? मी सांगितलं. ते पुन्हा वाकले, आणखी थोडा वेळ बघत राहिले. फॉर्मवर त्याच्यासाठी रकाना नव्हता.

पीयूसीचा कागद, विम्याचा कागद आणि नवी आरसी आबांनी एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून स्वतःच्या खिशात ठेवली. रविवारी सकाळी त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. पाणी, ऑइल, चाकांची हवा, बॅटरी, सगळं हात लावून बघितलं. फौजेत रोज सकाळी बघायचे तसं. मग डाव्या बाजूने चढले आणि स्टिअरिंगवर बसले.

घर ते डांबरी रस्ता, सगळं आमचंच रान. दोन बाजूंना ऊस, मधून बैलगाडीची वाट. आबांनी क्लच दाबला, पहिला टाकला, आणि जीप एवढीशीही न उचकता निघाली. मी उजवीकडे बसलो होतो. ते काही बोलले नाहीत. पाटाच्या खळग्यात त्यांनी गिअर इतक्या अलगद बदलला की मला फक्त आवाज बदललेला कळला.

बांधाला वळसा घालून वाट डांबराला लागते, तिथे त्यांनी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला.

"चला की आबा. बाजारापर्यंत कोण अडवतंय?"

"लायसन संपून धा वर्सं झाली माझं," ते म्हणाले. दाराऐवजी असलेला पट्टा काढून खाली उतरले, बॉनेटवर हात टेकत पुढून फिरून आले, आणि मी सरकून डावीकडे जाईपर्यंत काठीवर हात ठेवून उभे राहिले.